मैलगडची टेकडी आणि पायथ्याचें पाणी

बुलढाणा जिल्ह्याचें नांव काढलें कीं बहुतेकांस लोणारचें सरोवर आठवतें, नाहीं तर शेगांव. जिल्ह्याच्या उत्तर टोकास, जळगांव जामोद तालुक्यांत, सातपुड्याच्या रांगांत मैलगड नांवाची एक आडबाजूची टेकडी आहे, हें थोड्यांसच ठाऊक असावें. वर पडका तट आणि खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं, एवढेंच काय तें शिल्लक. याच पर्वतांतील नरनाळा व गाविलगड यांच्या वाट्यास इतिहास आला. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावर १४८७ सालचा लेख आहे. मैलगडाची अशी कीर्ति नाहीं. तेव्हां किल्ला पाहण्यापेक्षां डोंगराची घडण पाहावी, या हेतूनें गेल्या जानेवारींत आम्ही सतरा मुलांसह तेथें गेलों.

चढ फार नाहीं, पण सरळही नाहीं. सागाच्या रुंद पानांचा खच, त्याखालीं सुटे धोंडे, आणि थोडें चढलें कीं काळ्या खडकाची भिंत आडवी येते. भिंत चढावी तों थोडी सपाटी, पुन्हां भिंत. 'हा डोंगर आहे कीं जिना?' असें एका मुलानें वैतागून विचारलें, आणि नकळत तो भूगर्भशास्त्रज्ञांचाच शब्द बोलून गेला. या खडकास 'ट्रॅप' म्हणतात, व तें नांव जिना अशा अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून पडलें आहे. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून तप्त रस बाहेर येऊन थरावर थर पसरत गेला. प्रत्येक थराचा गाभा सावकाश निवून घट्ट झाला. माथ्याशीं मात्र वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र व ठिसूळ राहिला. पावसापाण्यानें ठिसूळ भाग झिजून मागें सरतो आणि घट्ट भाग कड्याच्या रूपानें उभा राहतो. तीच या जिन्याची पायरी. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढें खनिजें सांठलीं. त्यांचे पांढरे खडे मुलांनीं खिसे भरभरून घेतले, व ओझें होऊं लागल्यावर तितक्याच मुकाट्यानें टाकून दिले.

येथें आमची चूक सांगितली पाहिजे. वर टाकीं आहेत या भरंवशावर आम्हीं मुलांस पाण्याची एकेकच बाटली घ्यावयास सांगितली होती. त्यांतच निघावयास उशीर झाला. माथ्यावर पोंचलों तेव्हां बारा वाजून गेले होते, बहुतेक बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि टाक्यांत होतें तें हिरवें, शेवाळलेलें पाणी. खोदणारांची अक्कल खरी. भेग नसलेला घट्ट थर हेरून त्यांत टाकें खोदलें म्हणजे पाणी झिरपून जात नाहीं. पण गाळ उपसणारा कोणी उरला नाहीं कीं त्या टाक्याचें डबकें होतें. मुलें त्या पाण्याकडे पाहत उभीं राहिलीं. नववीच्या एका मुलाचा चेहरा पांढराफटक पडला व तो मटकन खालीं बसला. निघतांना त्याच्या वडिलांनीं, 'गुरुजी, पोरगा एकुलता एक आहे,' असें म्हटलें होतें, तें नेमकें त्या वेळीं आठवलें.

उरलेले चार घोट त्यास पाजले, दोघांच्या खांद्यांवर त्याचे हात टाकले आणि उतरूं लागलों. पायथ्यापाशीं गुरें राखणारा एक म्हातारा व त्याचा नातू भेटले. नातवाशीं तो जें बोलला तें मराठी नव्हतें, हिंदीही नव्हतें. कोरकू असेल किंवा निहाली. (निहाली कोणत्याही ज्ञात भाषाकुलांत बसत नाहीं, आणि ती बोलणारीं दोन-अडीच हजार माणसें मुख्यतः याच तालुक्याच्या परिसरांत राहतात. व्याकरणाच्या तासास जांभया देणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.) आमच्याशीं तो वऱ्हाडींत बोलला: 'पान्यासाठी वर कायले गेले, गुरुजी? पानी खालतं हाये, रेतीच्या पोटात.' मग त्यानें कोरड्या ओढ्याच्या पात्रांत हातांनीं रेती उकरली. कोपरभर खळगा होतांच तळाशीं पाणी डबडबूं लागलें. पहिलें गढूळ पाणी त्यानें उपसून टाकलें. दुसरें निवळ आलें. यास झिरा म्हणतात. मुलगा ओंजळीनें प्याला, थांबला, पुन्हां प्याला, आणि म्हणाला, 'गुरुजी, हे तं गोड हाये!'

त्यास तें गोड लागावें याला कारण आहे. तो खारपाणपट्ट्यांतील मुलगा. सातपुड्यावरचें पाणी ओढ्यांवाटे उतरतें तेव्हां पायथ्याशीं त्याचा वेग मंदावतो, व त्यानें आणलेले धोंडे, गोटे आणि भरड रेती तेथेंच पडते. युगानुयुगें सांठलेल्या या भरींत पाणी सहज मुरतें. म्हणून ओढा वरून कोरडा व पोटांत ओला. पुढें दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यांत पोंचतो तो बारीक, चिकण गाळ. त्यांतून पाणी मोठ्या कष्टानें सरकतें, आणि तेथील भूजल क्षारांनीं भरलेलें आहे. बुलढाणा, अकोला व अमरावती या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या त्या पट्ट्यांत विहिरीस पाणी लागतें, पण तें खारें लागतें. पिकास तें मानवत नाहीं, डाळ त्यांत लवकर शिजत नाहीं, आणि मूत्रपिंडाच्या विकारांशींही त्याचा संबंध जोडला जातो. माथ्यावर जातांना दक्षिणेकडील तेंच काळें मैदान, कापसाचें सुपीक रान म्हणून, आम्हीं मुलांस कौतुकानें दाखविलें होतें! त्याच्या पोटांतल्या पाण्याबद्दल अवाक्षर काढलें नव्हतें. डोंगरावरचें रान तोडलें आणि पायथ्याची रेती गाड्या भरभरून नेली, तर झिऱ्यास पाणी कोठून येणार, हें त्या म्हाताऱ्यास कोणी शिकवावयास नको. शिकावयाचें आहे तें खालच्यांस.

तासाभरांत मुलगा हुषार झाला. निघण्यापूर्वीं त्यानें आपली बाटली झिऱ्यांतून भरून घेतली. कशाला, असें विचारतां, 'आईले डाळ शिजवाले,' एवढेंच म्हणाला. गुरांचा पाय पडूं नये म्हणून म्हाताऱ्यानें खळग्याभोंवतीं दगड रचले. सोमवारीं वर्गांत मुलास डाळीचें विचारलें. बाटलीभर पाणी पुरलें नाहीं, अर्धें घरच्या विहिरीचेंच घालावें लागलें, असें त्यानें सांगितलें.