पंखा फिरतो, पण पडदा काळाच!

समजा, तुमच्या शाळेच्या संगणक कक्षात दहा संगणक आहेत. त्यांतला एक सोमवारी सकाळी सुरूच होत नाही. बटण दाबले की आतला पंखा घुर्र करून फिरू लागतो, समोरचा दिवाही लागतो; पण पडदा काळा तो काळाच. दोन दिवस खटपट होते. मग कोणीतरी ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल देते, खोका कोपऱ्यात जाऊन बसतो आणि वर्षअखेरीस भंगारवाल्याकडे रवाना होतो.

हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो. मदरबोर्ड खरोखरच निकामी झाला आहे, की जागा होता होता मध्येच कुठे अडला आहे, हे ओळखण्याची एक रीत आहे. ती समजायला संगणक जागा कसा होतो, एवढे मात्र माहीत हवे.

पंखा फिरतो म्हणजे संगणक जिवंत आहे, ही समजूत प्रथम सोडून द्या. पंख्याला हवी फक्त 12 व्होल्टची वीज. ती विद्युतपुरवठ्याच्या डबीतून (हिलाच दुकानदार एस.एम.पी.एस. म्हणतात) येते. प्रोसेसर एकही आज्ञा पाळत नसला तरी पंखा खुशाल फिरत राहू शकतो.

आता क्रम पाहू. भिंतीवरचा खटका दाबला की संगणक बंद दिसत असूनही मदरबोर्डाला 5 व्होल्टची थोडी वीज मिळू लागते. 1995 साली आलेल्या ए.टी.एक्स. या रचनेत ती जांभळ्या तारेतून येते. पुढचे बटण दाबून तुम्ही फक्त दोन पिना क्षणभर जोडता, बाकी काही नाही! मग मदरबोर्ड हिरवी तार ‘जमिनीला’ जोडतो, म्हणजे तिचा दाब शून्यावर आणतो, आणि पुरवठ्याला ‘चल, सुरू हो’ असे कळवतो. 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे दाब तयार होतात. ते स्थिरावले की करड्या तारेवरून ‘वीज ठीक’ असा इशारा येतो. तोपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेले असते, घंटा होईपर्यंत पटांगणात उभ्या केलेल्या मुलांसारखे. हे सगळे अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकते.

घंटा झाल्यावर प्रोसेसर कुठे जातो? त्याला एक ठरलेला पत्ता ठाऊक असतो : 4 गिगाबाइटच्या सीमेच्या बरोबर 16 बाइट अलीकडचा. तेथे त्याला बायॉस नावाच्या आज्ञावलीकडे जाण्याची आज्ञा मिळते. ही आज्ञावली मदरबोर्डावरच्या एका छोट्या, बहुधा आठ पायांच्या चिपमध्ये असते. ती संगणकाची स्वपरीक्षा घेते. 1981 च्या आय.बी.एम. पी.सी.मध्येही अशी परीक्षा होती. आधी रॅम, मग पडद्याचे ग्राफिक्स, नंतर कळफलक, डिस्क वगैरे.

या क्रमातच पहिला धागा सापडतो. पडद्यावर काही दिसण्यासाठी वीज, प्रोसेसर, बायॉस आणि रॅम हे सगळे आधी उत्तीर्ण व्हावे लागतात. म्हणून पडदा पूर्ण काळा असेल तर हार्ड डिस्कवर संशय घेण्यात सहसा अर्थ नाही. डिस्क बिघडली असती तर तशी तक्रार पडद्यावर वाचायला मिळाली असती.

खोका उघडण्यापूर्वी पडद्याची वायर नीट बसली आहे ना, वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास ती त्याच कार्डाला लावली आहे ना, हे पाहून घ्या. मग भिंतीवरचा प्लग काढा आणि शिक्षकांना शेजारी बसवा. पुरवठ्याची डबी मात्र कधीही उघडू नका. 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे शिखर सुमारे 325 व्होल्टवर असते. तेवढा भार डबीतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतो. तो जीवघेणा आहे. उलट तुमच्या अंगावरची स्थिर वीज मदरबोर्डाला घातक ठरते. अंगावर सुमारे 3000 व्होल्ट साठल्याशिवाय ठिणगी आपल्याला जाणवत नाही. चिप त्याहून पुष्कळ कमी दाबाने बिघडू शकते. म्हणून काम करताना मधूनमधून खोक्याच्या उघड्या धातूला हात लावावा.

आता डोळ्यांनी तपासणी. प्रोसेसरजवळ चार किंवा आठ तारांची एक वेगळी जोडणी असते. 2000 साली पेंटियम 4 आला तेव्हापासून तिची प्रथा पडली. ती निघालेली असेल तर हुबेहूब आपलेच लक्षण दिसते : पंखा फिरतो, पडदा काळा. मग कपॅसिटरांचे उभे नळकांडे पाहा. त्यांचे डोके सपाट हवे. फुगले असेल किंवा तपकिरी चिकटा आला असेल तर आतल्या द्रवातून वायू सुटला आहे असे समजा. 2000 नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट द्रवामुळे अनेक कंपन्यांचे मदरबोर्ड असेच वाया गेले. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, तर कुठेतरी शॉर्ट होत असावा. मदरबोर्डाखाली घरंगळलेला एखादा स्क्रू हे त्याचे अगदी साधे कारण.

मधेच ती रुपयाएवढी बॅटरीही दिसेल. तिच्यावरचा 2032 हा आकडा म्हणजे 20 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी. ती 3 व्होल्टची असते. तिच्यावर चालणारे घड्याळ सेकंदाला 32,768 कंपने मोजते. ही संख्या पंधरा वेळा निम्मी करून पाहा, म्हणजे ती का निवडली ते कळेल. प्लग काढलेला असताना बॅटरी पाच-दहा मिनिटे काढून ठेवली की बहुतेक मदरबोर्डांवर चुकीच्या नोंदी पुसल्या जातात. कधी कधी एवढ्यानेच संगणक उठतो.

नाही उठला, तर खरी परीक्षा आता. डिस्क, ग्राफिक्स कार्ड, यू.एस.बी.ला लावलेले सगळे काढा. रॅमच्या सगळ्या पट्ट्याही काढा! राहू द्या फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि मदरबोर्डाला लावलेला छोटा स्पीकर. नव्या संगणकांत तो बहुधा नसतो, पण सुटा विकत मिळतो. बटण दाबा आणि कान द्या.

स्पीकर ‘बीप, बीप’ असा ओरडू लागला तर आनंद माना. ही तक्रार बायॉस करत आहे, आणि बायॉस वाचतो प्रोसेसर. म्हणजे वीज ठीक, प्रोसेसर ठीक, बायॉसची चिप ठीक. रॅम नसताना आज्ञावली चालते कशी, असा प्रश्न पडला ना? प्रोसेसरच्या पोटात थोडी स्वतःची स्मृती असते, तेवढ्यावर तिचे निभते. बीपांची सांकेतिक भाषा कंपनीगणिक वेगळी असते. ती माहितीपुस्तिकेत पाहावी. नव्या काही मदरबोर्डांवर त्याऐवजी छोटे दिवे असतात, कोणत्या पायरीवर गाडी अडली ते दाखवणारे.

आता रॅमची एकच पट्टी घ्या. तिची सोनेरी टोके खोडरबराने अगदी हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. हे करताना प्रत्येक वेळी प्लग काढायचाच. बीप थांबले तर पट्टी चांगली. न थांबले तर तीच पट्टी दुसऱ्या खोबणीत, मग दुसरी पट्टी पहिल्या खोबणीत. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत टिपून ठेवा, नाहीतर दोष पट्टीचा की खोबणीचा हे कळायचे नाही. डी.डी.आर.5 जातीची नवी रॅम पहिल्या वेळी जुळवून घ्यायला कित्येक मिनिटे लावू शकते. तेवढा वेळ काळा पडदा पाहत बसण्याची तयारी ठेवा.

आणि रॅम नसतानाही स्पीकर गप्पच राहिला तर? तर मल्टिमीटर आणा. जांभळ्या तारेवर 5 व्होल्ट नसतील तर दोष पुरवठ्याचा. काही पुरवठ्यांच्या सगळ्याच तारा काळ्या असतात, तेव्हा पिनांचा नकाशा पाहावा. ते व्होल्ट असतील, तर शेजारच्या चालू संगणकाचा पुरवठा जोडून पाहा. तरीही आवाज नाही? मग संशयित तीनच उरले : प्रोसेसर, बायॉसची चिप आणि मदरबोर्ड स्वतः. यांपैकी बायॉसच्या चिपमधली आज्ञावली बिघडली असेल तर दुरुस्तीच्या दुकानात ती प्रोग्रामर नावाच्या यंत्राने पुन्हा भरता येते. भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी तेवढे विचारून यावे.