पिशवी काढण्याआधी

ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम हंगामाआधी उचल देतो. पुढचे पाच-सहा महिने ती जोडी म्हणजे एक कोयता. दोघांपैकी एकजण फडात उतरला नाही की खाडा पडतो आणि त्याचे पैसे उचलीतून वळते होतात. पाळीच्या दिवसांना या हिशेबात जागा नाही. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजार ८००हून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरातल्या सोळा-सतरा जणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नाहीत हे मान्य केले, तरी एवढी मोठी तफावत वयाने भरून निघत नाही. मासिक पाळीची स्वच्छता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पॅड येते. बीडच्या या आकड्यांना मात्र पॅडचे वाटप हे उत्तर होऊ शकत नाही. आपल्या शरीरात महिनाभर काय घडते ते बाईला ठाऊक असणे, आणि पाळीच्या दिवसांत तिला पाणी, आडोसा व विसावा मिळणे, या दोन गोष्टी जुळल्याशिवाय स्वच्छता हा शब्द पोकळच राहतो.

आधी ठाऊक असण्याचे पाहू. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी दर महिन्याला बीजांडकोशाला संदेश देते आणि तिथे एक बीज पिकू लागते. बीजांडकोशातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते. पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी बीज बाहेर पडते, मग प्रोजेस्टेरॉन त्या अस्तराला गर्भासाठी तयार ठेवते. गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरके ओसरतात आणि अस्तर रक्तासोबत गळून पडते. हे रक्त शरीरातल्या इतर रक्तासारखेच असते, त्यात ‘घाण’ काही नसते. प्रौढ स्त्रीचे चक्र २१ ते ३५ दिवसांचे असू शकते, त्यामुळे अठ्ठाविसाव्या दिवशी पाळी आली नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. रक्तस्राव दोन ते सात दिवस चालतो आणि सगळा मिळून सरासरी ३० ते ४० मिलिलिटर भरतो. तो ८० मिलिलिटरच्या वर जातो तेव्हा डॉक्टर त्याला अतिस्राव म्हणतात. पाळीत ओटीपोट दुखते ते प्रोस्टाग्लॅन्डिन या द्रव्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते म्हणून. त्या दुखण्यावर साध्या गोळ्याही चालतात. आता ‘अंगावरून पांढरे जाते’ ही तक्रार घ्या. बीज सुटण्याच्या सुमारास पाण्यासारखा, ताणला जाणारा स्राव येतो आणि तो निरोगी शरीराचाच भाग आहे. त्याला दुर्गंधी असेल, खाज असेल, रंग पिवळा-हिरवा असेल तर बहुधा जंतुसंसर्ग झालेला असतो आणि तो औषधाने बरा होतो. चक्राची एवढी ओळख असलेल्या बाईला ‘पिशवी खराब झाली, ठेवलीत तर कॅन्सर होईल’ असे कोणी सांगितले, तर ती निदान दोन प्रश्न तरी विचारील. बीडमध्ये अनेकींना शस्त्रक्रियेकडे नेणारी वाक्ये याच जातीची होती.

पण नुसते ज्ञान घेऊन फडात उभ्या राहणाऱ्या बाईच्या हाती काय लागते? पहाटेपासून तोडणी, मग मोळ्या डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहायच्या, मुक्काम प्लॅस्टिकच्या कोपीत. न्हाणीघर नाही, शौचालय नाही, पाणी लांबून आणायचे. सुती कापड वापरण्यात मुळात काही वाईट नाही. ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवले तर सुरक्षितच असते. पण पाणी नसेल आणि उन्हात टाकायची लाज वाटत असेल, तर तेच कापड ओलसर राहते, मांड्या सोलवटतात, बुरशी धरते. पॅड दिले तरी ते चार ते सहा तासांनी बदलायला आडोसा लागतो आणि टाकायला जागा लागते. लघवीला जाता येत नाही म्हणून बायका पाणी कमी पितात, त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. त्यात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. अशा शरीराला दर महिन्याचा अतिस्राव किती महागात पडत असेल याचा विचार करावा.

यावर म्हटले जाते की बायकांनी स्वतःच्या मर्जीने शस्त्रक्रिया करून घेतल्या, त्यात इतरांनी का पडावे. स्त्रीचा तिच्या शरीरावरचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण खाड्याचा धाक, कॅन्सरची भीती आणि औषधोपचाराचा पर्याय कोणी न सांगणे, या तिन्हींच्या मधोमध दिलेल्या होकाराला मर्जी म्हणणे मला पटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा सगळा गरिबीचा प्रश्न आहे, शरीरविज्ञान शिकवून तो कसा सुटेल? एकट्या शिकवण्याने सुटणार नाहीच, म्हणून तर पाण्याची आणि विसाव्याची मागणी शिकवण्याच्या बरोबरीने करायची. पण गरिबी सर्वत्र असूनही पिशवी काढण्याचे प्रमाण सर्वत्र एवढे नाही. जिथे भीती विकली जाते आणि ती ओळखणारे कोणी नसते, तिथे ते वाढते. तिसरे म्हणणे असे की पॅड आता खूप जणी वापरतात. खरे आहे, २०१५-१६मध्ये पंधरा ते चोवीस वयाच्या ५८ टक्के मुली स्वच्छ साधने वापरत होत्या, पाच वर्षांत हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले, आणि त्याचा आनंदच आहे. पण हे आकडे देणारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मुलगी काय वापरते एवढेच विचारते. ते कुठे बदलते, कशाने हात धुते, हे त्या टक्क्यांत दिसत नाही.

काही आजारांत गर्भाशय काढणे अपरिहार्य असते, त्याविषयी वाद नाही. मात्र मुले झाली, नसबंदी झाली, आता पिशवीचा उपयोग काय, हा हिशेब चुकीचा आहे. सोबत बीजांडकोश काढले तर तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ते ठेवले तरी त्यांचे काम वेळेआधी थांबण्याची शक्यता वाढते. ज्या खाड्याच्या भीतीने शस्त्रक्रिया केली, तो पुढे अंगदुखीने आणि कंबरदुखीने पडतोच. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. तो कागदावरून दवाखान्यापर्यंत पोचायला बाईच्या तोंडी प्रश्न हवेत: आजाराचे नाव काय, सोनोग्राफीत आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीत काय दिसले, औषधाने किती दिवस वाट पाहता येईल, बीजांडकोश ठेवणार की काढणार? आणि साखर कारखान्यांनी कोप्यांच्या वस्तीवर पाणी व शौचालय पुरवावे, पाळीच्या दिवसांचा खाडा बंद करावा. पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या प्रत्येक बाईने शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे दुसरे मत जरूर घ्यावे.