गायरान साफ करायचे की खरवडायचे?

अंबाजोगाईच्या आसपास बालाघाटाच्या पठारावर कुठेही कुदळ मारून पाहा. माळाला चार बोटे माती असते, नशीब असेल तर वीतभर. खाली मुरूम, मुरुमाखाली काळा पाषाण. गायरानात घाणेरी आणि वेडी बाभूळ माजली की गावाला पहिला जेसीबी आठवतो. सकाळी आणला की संध्याकाळपर्यंत रान लख्ख. पण त्या बकेटीत झुडपाबरोबर गवताची ठोंबे, जमिनीत पडलेले बी आणि ती चार बोटे मातीही जाते. बीड जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो येतो तेव्हा झोडपून येतो. उघड्या उतारावर पहिल्या दोन वळिवांतच उरलेला गाळ ओढ्याला लागतो. मग मुरुमावर सगळ्यात आधी काय उगवते? तीच वेडी बाभूळ.

हे माळ मुळात असे नव्हते. निजामी अमलात अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते आणि इथे हैदराबाद कंटिन्जन्टच्या घोडदळाची छावणी होती. घोडदळ ठेवायचे तर गवत हाताशी लागते. मुलूख लाल कंधारी आणि देवणी जनावरांचा. मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी ही बहुवर्षायू गवते हे या माळांचे भांडवल. चराई वाढली की जनावरे गोड गवत आधी संपवतात. त्याच्या जागी कुसळी येते, तीही विरळ झाली की तरोटा आणि गाजर गवत. पुण्यात 1956च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलेले हे गाजर गवत आज बांधाबांधावर आहे. घाणेरी तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली. तिचा पाला पोटात गेला तर जनावराला कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलते. थोडक्यात, झुडूप हा रोगाचा शेवटचा टप्पा आहे. नुसते तेच काढून रान बरे होत नाही.

घाणेरी वरून छाटली की दुप्पट जोमाने फुटते, जाळली तरी फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी यावर साधी रीत रुजवली. कुदळीने खोडाच्या बुडाची माती दोन-तीन बोटे बाजूला सारायची. खोड संपून मूळ सुरू होते तो सांधा दिसला की त्याच्या जरा खाली मुळावर घाव घालायचा. फुटवे येतात ते त्या सांध्यावर. मूळ जमिनीत राहिले तरी चालते, ते तिथेच कुजते आणि माती धरून ठेवते. तोडलेले झुडूप मुळे आभाळाकडे करून उलटे टाकायचे, म्हणजे पुन्हा रुजत नाही. एका झुडपापाठी उकरली जाते ती हातभर जागा. वेड्या बाभळीला हाच न्याय, फक्त घाव वीतभर खोल. गाजर गवत मात्र ओल असताना, फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून उपटावे. ते अंगावर उठते.

काढलेली फांदोरी पेटवायचा मोह होतो. बी नसेल तर ती उताराला आडवी, समपातळीत रचावी. वाहती माती तिथे अडते आणि पुढच्या पावसात गवत पहिल्यांदा त्या ओळीलाच धरते. सगळे गायरान एका हंगामात उघडे करू नये, पट्ट्यापट्ट्याने घ्यावे. आणि जे आपले आहे ते राखावे: तरवड, बोर, हिवर आणि मुख्य म्हणजे सीताफळ. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईतच आहे. जेसीबीला घाणेरी आणि सीताफळ यांतला फरक कळत नाही. इथल्या बाईमाणसाला कळतो.

मोकळ्या पट्ट्यात त्याच पावसाळ्यात गवत उभे राहिले नाही, तर सगळी मेहनत वाया. मारवेलची ठोंबे लावावीत. पवन्या-डोंगरीचे बी हलके, वाऱ्याने उडते, म्हणून ते शेणमातीत कालवून टाकावे. पुढे दोन पावसाळे चराईबंदी. बी झडल्यावर विळ्याने कापून गवत घरी न्यायला हरकत नाही. वेड्या बाभळीच्या शेंगा खाल्लेली जनावरे या पट्ट्यात सोडू नयेत, शेणातून बी पसरते. मेळघाटात डॉ. गजानन मुरतकर यांनी आणि अकोला-वाशीम भागात कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ने फासेपारध्यांना बरोबर घेऊन गवताळ रानांवर अशीच चिकाटी दाखवली आहे.

माणसे कुठून आणायची, असे विचारले जाते. माणसे आहेत, वेळ चुकते. ओल असते ती जून ते ऑक्टोबर. त्या वेळी ऊसतोड मजूर गावात असतो. दसरा-दिवाळी झाली की कोयता पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतो. कामांना मंजुरी मिळेपर्यंत उन्हाळा उजाडतो, जमीन दगड होते आणि मग यंत्राशिवाय पर्याय नाही असे सांगितले जाते. ज्या राज्याने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला, त्या राज्यात हे ऐकवत नाही. अंबाजोगाईत 1982 पासून द्वारकादास लोहियांच्या ‘मानवलोक’ने श्रमदानातून पाणलोटाची कामे उभी केली, हातांनी माळ सावरतो हे या तालुक्याला नवे नाही.

एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. मराठवाड्यात गायरान म्हणजे नुसता चारा नाही. भूमिहीन दलित आणि पारधी कुटुंबांनी ते कसले, त्यासाठी मार खाल्ला. एकनाथ आवाड यांनी बीडमधून हा लढा चालवला आणि 1991च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. ‘सफाई’च्या नावाखाली कुणाचे उभे पीक नांगरले जाणार असेल, तर ती सफाई नव्हे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला तर तीन गोष्टी ठरावात लिहून घ्या: काम हाताने, पावसाळ्यात, आणि ऊसतोडीची टोळी निघण्याआधी.