पाय कापल्यानंतरची पाच वर्षे

मधुमेहामुळे पाय कापावा लागलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे सांगितले जाते, तेव्हा जखम भरून आली, जंतुसंसर्ग आटोक्यात आला आणि रुग्ण घरी गेला, एवढाच त्याचा अर्थ बहुधा असतो. परंतु वर्षभरानंतर तो चालतो की नाही, त्याचा दुसरा पाय शाबूत आहे की नाही आणि पाच वर्षांनंतर तो हयात आहे की नाही, हे विचारल्यावाचून या शस्त्रक्रियेचे खरे फलित कळत नाही. निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्यांतून मिळणारे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. घोट्याच्या वर पाय कापावा लागलेल्या मधुमेहींपैकी निम्मे किंवा त्याहून अधिक रुग्ण पाच वर्षांच्या आत दगावतात, म्हणजे अनेक कर्करोगांच्या रुग्णांपेक्षाही त्यांचे आयुर्मान कमी ठरते.

यांतील बहुतेक मृत्यूंचे कारण पायात नसते. ज्या आजाराने पायाच्या रोहिण्या अरुंद होतात तोच हृदयाच्या, मेंदूच्या आणि मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांतही चाललेला असतो, त्यामुळे पाय कापलेला रुग्ण पुढे हृदयविकाराच्या झटक्याने, पक्षाघाताने किंवा मूत्रपिंडे निकामी होऊन जातो. असे असूनही टाके काढल्यानंतर रुग्णाला फक्त जखम दाखवायला बोलावले जाते, आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू व मूत्रपिंडांचे कार्य यांची विचारपूस मागे पडते, हा उपचारांतील मोठाच दोष म्हटला पाहिजे.

मुळात पायावर ही वेळ येते ती बहुधा एका साध्या जखमेतून. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने पायाच्या संवेदनावाहक नसा निकामी होतात, तळवा बधिर होतो, आणि चपलेचा घट्टा, बोटावरचे कुरूप किंवा तापलेल्या फरशीचा चटका रुग्णाला जाणवतच नाही. मधुमेहींमध्ये झालेल्या पाय कापण्याच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे ८५ टक्के शस्त्रक्रियांपूर्वी पायाला न भरणारी जखम झालेली होती, असे आढळले आहे. बधिर पायाचे हे गणित प्रथम नीट उलगडले ते वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांच्या कामातून, आणि मऊ रबराच्या तळाची जी एम.सी.आर. चप्पल आज मधुमेहींना सांगितली जाते, तिचा वापरही आधी कुष्ठरुग्णांसाठीच रूढ झाला.

फलित ठरवणारा सर्वांत अवघड निर्णय म्हणजे पाय कुठून कापायचा. बोट किंवा चवडा काढल्यास रुग्ण स्वतःच्या टाचेवर उभा राहू शकतो. गुडघ्याखाली पोटरीतून कापल्यास कृत्रिम पायाने चालताना शरीराला एरवीपेक्षा बरीच अधिक शक्ती लागते, आणि गुडघ्याच्या वर मांडीतून कापल्यास रक्तवाहिन्यांच्या रुग्णांत हा खर्च जवळजवळ दुप्पट होतो, जो दुबळ्या हृदयाला अनेकदा पेलत नाही. म्हणूनच वृद्ध रुग्णांच्या बाबतीत गुडघा वाचला की चालणे वाचण्याची शक्यता वाढते. मात्र खालून कापलेल्या भागाला पुरेसा रक्तपुरवठा नसेल तर ती जखमही भरत नाही, मग आज बोट, महिन्याने चवडा, पुढे पोटरी अशी शस्त्रक्रियांची मालिका सुरू होते, आणि प्रत्येक वेळी रुग्णाची ताकद व घराची शिल्लक दोन्ही घटतात. घरच्यांना कमीत कमी कापले जावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याआधी रक्तपुरवठ्याची तपासणी आणि शक्य असल्यास तुंबलेली रोहिणी फुग्याने किंवा बायपासने मोकळी करणे झाले नसेल, तर कमी कापण्याचा हा आग्रह महागात पडतो.

कृत्रिम पाय मिळणे हे पुनर्वसनाचे अर्धेच काम होय. पुण्यात १९४४ पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे, मुंबईत हाजी अली येथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, आणि १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट मांडी घालणाऱ्या, अनवाणी वावरणाऱ्या माणसाच्या सवयी ध्यानात घेऊन बनवलेला आहे. तरीही अनेक मधुमेहींचा पाय कोपऱ्यात उभाच राहतो. आराम पडावा म्हणून उरलेल्या पायाखाली उशी ठेवण्याची घरोघरची पद्धत गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडवते. डायलिसिसवरील रुग्णाच्या पायाची सूज रोज बदलत असल्याने कृत्रिम पायाचा साचा कधी सैल, कधी घट्ट होतो. आणि बधिर त्वचेवर साच्याने पडलेली जखम, दृष्टी अधू झाली असल्यास, रुग्णाला दिसतही नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत, आणि राज्यांमध्ये गोव्याचे प्रमाण २६.४ टक्के म्हणजे सर्वाधिक आहे. या मधुमेहींपैकी ज्यांनी एक पाय गमावला आहे त्यांच्या दुसऱ्या पायावर आता अधिक भार येतो, आणि तोही बहुधा तितकाच बधिर असतो. अशा उरलेल्या पायाची तपासणी दर एक ते तीन महिन्यांनी व्हावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. तिची सुरुवात होते ती १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या एका धाग्याने, जो तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का एवढेच रुग्णाला विचारायचे असते.