शाळाच निघाली मुलांकडे

‘वाडीवरची पोरं शाळेत येतच नाहीत,’ असं आपण सहज बोलून जातो. ताराबाई मोडकांनी हा प्रश्न उलटा केला: शाळा त्यांच्याकडे का जात नाही?

१९४५ साली बोर्डीला त्यांनी अनुताई वाघांसोबत काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच अंगणात भरवली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला वारली मुलं गुरांमागे जात, म्हणून कुरणातच कुरणशाळा भरली. खडे, पानं, बिया हेच शिकायचं साहित्य.

भुशी धरणावर पावसाळ्यात कणसं विकणाऱ्या आईजवळ एखादं पोर दिसलं, तर नावं ठेवू नका. गटाच्या बैठकीत विचारा: त्याला सवड कधी असते, आणि तासभर कुणाचं अंगण मिळेल?