सोडतीने मिळालेले घर : बुखारेस्टच्या प्रयोगाचा परिचय

संस्थेतले मूल प्रतिपालक कुटुंबात ठेवले की त्याचे भले होते, असे बहुतेकांना वाटते. ते सिद्ध करणे मात्र अवघड असते, कारण कुटुंबात जाणारी मुले बहुधा निवडलेली असतात. हसरे, निरोगी मूल आधी घरी जाते. आजारी किंवा घुमे मूल मागे राहते. काही वर्षांनी दोन्ही गटांची तुलना केली तर फरक दिसतोच, पण तो घरामुळे पडला की निवडीमुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. २००० साली रोमानियाच्या राजधानीत सुरू झालेल्या ‘बुखारेस्ट अर्ली इंटरव्हेन्शन प्रोजेक्ट’ने हा पेच सोडवला. संस्थेतील मुलांसाठीच्या प्रतिपालक सेवेची सोडत काढून केलेली ही पहिली तपासणी होती.

रोमानियात अशा मुलांची संख्या प्रचंड होती आणि त्यामागे सरकारी धोरण होते. लोकसंख्या वाढवण्यासाठी हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली आणि संततिनियमनाची साधनेही दुर्मीळ केली. पोसता न येणारी मुले सरकारी संस्थांत ठेवण्याची रीत पडली. १९८९ मध्ये राजवट कोसळली, तेव्हा या संस्थांमध्ये दीड लाखांहून अधिक मुले होती. त्यांतील बहुतेक अनाथ नव्हती. आईबाप हयात होते. पाळण्यांच्या रांगा, ठरल्या वेळी दूध, ठरल्या वेळी लंगोट बदलणे, पाळीगणिक बदलणाऱ्या दाया आणि एकेका दाईकडे दहा-बारा मुले, असा तिथला दिनक्रम होता. मूल रडले तरी कोणी येईलच याचा भरवसा नसे.

तत्कालीन बालसंरक्षण खात्याच्या निमंत्रणावरून चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी रोमानियन सहकाऱ्यांसह काम सुरू केले. सहा संस्थांतील १८७ मुले तपासून, गंभीर वैद्यकीय दोष असलेली वगळल्यावर ६ ते ३१ महिन्यांची १३६ मुले उरली. आधी प्रत्येकाचा विकास मोजला गेला, मग सोडत निघाली. ६८ मुले प्रतिपालक कुटुंबांत गेली आणि ६८ जणांची नेहमीची व्यवस्था चालू राहिली. कधीच संस्थेत न राहिलेली ७२ स्थानिक मुले तुलनेसाठी घेतली गेली.

शहरात सरकारी प्रतिपालक कुटुंबे जवळजवळ नव्हतीच, म्हणून प्रकल्पाने स्वतः ५६ कुटुंबे शोधली. पालकांना मानधन मिळे. तीन समाजकार्यकर्त्या घरी जाऊन, फोनवर बोलून त्यांच्या अडचणी सोडवत. मुलाला आपले मूल समजून जीव लावा, असे त्यांना स्पष्ट सांगितले जाई. पुढची सगळी आकडेवारी अशा भक्कम आधार मिळालेल्या घरांची आहे. कोणत्याही प्रतिपालक सेवेला ती जशीच्या तशी लावणे चूक ठरेल.

घर चांगले हे ठाऊक असताना निम्म्या मुलांना संस्थेत का ठेवायचे, हा आक्षेप गंभीर होता आणि आजही त्यावर चर्चा होते. रोमानियात तेव्हा संस्था बऱ्या की कुटुंबे, यावर अधिकाऱ्यांमध्ये खरोखरच मतभेद होते. प्रयोग झाला नसता तर सर्व १३६ मुले नेहमीच्याच व्यवस्थेत राहिली असती. शिवाय सोडतीने कोणाचीही वाट अडवली नाही. दुसऱ्या गटातील मुलाला आईवडिलांनी परत नेले किंवा पुढे सरकारी प्रतिपालक घर मिळाले, तर प्रकल्प आड येत नसे. या अटीमुळेच प्रयोग समर्थनीय ठरतो.

मोजमाप वर्षानुवर्षे चालले. साडेचार वर्षांच्या वयात सरासरी बुद्ध्यंक संस्थेच्या गटात सुमारे ७३, प्रतिपालक गटात ८१ आणि स्थानिक मुलांत १०९ होता. साडेतीन वर्षांच्या वयात प्रतिपालक गटातील सुमारे ४९ टक्के मुलांचे सांभाळणाऱ्याशी सुरक्षित नाते जुळलेले आढळले. संस्थेच्या गटात हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते. चिंता व नैराश्याचे विकारही प्रतिपालक गटात कमी दिसले.

वयाचा हिशेब त्याहून महत्त्वाचा होता. साडेतीन वर्षांच्या वयात मोजले असता, दीड वर्षाच्या आत घरी गेलेल्या मुलांचा बुद्ध्यंक ९४ च्या आसपास आला, तर अडीच वर्षांनंतर गेलेल्यांचा ८० च्या जवळ राहिला. भाषा, नातेसंबंध, मेंदूतील विद्युतलहरी यांतही लवकर गेलेल्यांना जास्त फायदा झाला. प्रत्येक क्षमतेची मुदत वेगळी असली तरी बऱ्याच बाबतींत ती दोन वर्षांच्या अलीकडेपलीकडे पडते. बाळाच्या फायलीचा कागद सहा महिने टेबलावर पडून राहिला, तर ते सहा महिने त्याच्या वाढीतून जातात. कोणत्याही बालकल्याण यंत्रणेने हे ध्यानात ठेवले पाहिजे.

घराने सगळेच भरून काढले नाही. अतिचंचलता आणि एकाग्रतेच्या अडचणी फारशा कमी झाल्या नाहीत. आठ ते अकरा वर्षांच्या वयातील मेंदूच्या प्रतिमांत प्रतिपालक गटात पांढऱ्या द्रव्याची (मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंची) भरपाई दिसली, पण करड्या द्रव्यातील (चेतापेशींच्या थरातील) घट दोन्ही गटांत राहिली.

विश्लेषणाची पद्धत मुद्दाम कडक होती. पुढे दुसऱ्या गटातील बरीच मुले संस्थेबाहेर पडली, काही प्रतिपालक घरे बदलली; तरीही मूल सोडतीत ज्या गटात आले, त्याच गटात मोजले जाई. त्यामुळे दिसणारा फरक खऱ्यापेक्षा लहान येण्याची शक्यता होती, मोठा नव्हे. तरीही अठराव्या वर्षीच्या चाचणीत प्रतिपालक गटाचा बुद्ध्यंक सरस आला. पहिल्याच प्रतिपालक घरी टिकून राहिलेल्या मुलांना अधिक लाभ झाला. म्हणून अशा कार्यक्रमाचे मूल्यमापन करताना किती मुले घरी पाठवली एवढे मोजून भागत नाही; किती वयाची पाठवली आणि त्याच घरी किती काळ राहिली, हेही नोंदवावे लागते.

रोमानियाने २००४ च्या कायद्याने, तीव्र अपंगत्वाचा अपवाद सोडून, दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवण्यास मनाई केली. ही वयोमर्यादा पुढे वाढवण्यात आली. या बदलामागे युरोपीय संघातील प्रवेशाच्या अटींचा दबावही मोठा होता. मुले साडेचार वर्षांची झाल्यावर प्रकल्पाच्या प्रतिपालक घरांची जबाबदारी स्थानिक प्रशासनाने स्वीकारली.