कालपर्यंत बिल्ड होत होतं, आज का नाही?

मे २०२० मध्ये जीसीसी १० आला आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार बिल्ड होणारे सी भाषेतले कितीतरी मुक्तस्रोत प्रकल्प अडून बसले. कोडला कुणी हात लावला नव्हता, तरी लिंकर ओरडत होता: ‘मल्टिपल डेफिनिशन’.

दोष जुनाच होता. हेडर फाइलमध्ये ‘एक्सटर्न’ न लावता ग्लोबल व्हेरिएबल लिहिला, की ती हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलीत त्याची एकेक व्याख्या तयार होते. आधीच्या जीसीसीमुळे लिंकर या व्याख्या गुपचूप एकत्र करून घ्यायचा. दहाव्या आवृत्तीने ‘एफ-नो-कॉमन’ हा पर्याय आपणहून लागू केला आणि झाकली मूठ उघडली. लिनक्स कर्नलही यातून सुटला नाही. त्यातल्या डीटीसी या साधनात ‘वायवायलॉक’ हा व्हेरिएबल लेक्सर आणि पार्सर, दोन्हीकडे होता. लेक्सरमधली एक ओळ खोडली, काम झालं.

घाई असेल तर ‘एफ-कॉमन’ फ्लॅग देऊन वेळ मारून नेता येते. पण ती मलमपट्टी. खरी दुरुस्ती अशी: हेडरमध्ये ‘एक्सटर्न’सह घोषणा आणि व्याख्या एकाच सी फाइलीत.

मे २०२४ मधल्या जीसीसी १४ ने आणखी कान पिळले. घोषणा न करता फंक्शन वापरणं सी-९९ प्रमाणातून बाद झालं होतं, तरी इतकी वर्षं ते नुसत्या वॉर्निंगवर निभावलं. आता थेट एरर. बहुतेकदा इलाज एका विसरलेल्या ‘इन्क्लूड’चा असतो.

पॅच पाठवण्याआधी जुन्या कंपायलरवरही एकदा बिल्ड करून बघा.